ओटीजीत पोर्क रोस्ट आणि भाज्या: सहा जणांचं जेवण कसं बसवायचं?

कंदीपेढा (सातारा)

रविवारी रात्री आठला सहा जण जेवायला आहेत. चार पोर्क खाणारे, दोघं भाज्यांवर भागवणारे. ओटीजी (टेबलावरचा छोटा विजेचा ओव्हन) ३५ लिटरचा, १६०० वॅटचा, वर-खाली रॉड आणि पंखा. तापमान जास्तीत जास्त २३० अंश. खाटीक कातडीसकट दीड किलोचा तुकडा द्यायला तयार आहे, पण कुठला भाग पाहिजे ते आधी सांगा म्हणतो. सुकं किंवा रस्सा नकोय. मीठ-मिरी लावून भाजलेलं मांस, सोबत बटाटा, गाजर, कांदा आणि पातळसर ग्रेव्ही, एवढंच.

प्रश्न असे. भाग कुठला घ्यायचा? बहुतेक कृतींत मांस आणि भाज्या एकाच ट्रेमध्ये एकदम घालतात, ते ओटीजीत जमतं का? जंताच्या भीतीने किती शिजवायचं? प्रोब थर्मामीटर (मांसात टोचून आतलं तापमान बघायचं) घरात आहे. कातडी कुरकुरीत हवी. आधी कुकरच्या दोन शिट्ट्या काढून घे, असा सल्लाही घरातून मिळालाय.

भडंग (सांगली)

भाग खांद्याचा घ्या, म्हणजे पुढच्या फऱ्याचा, हाड काढून. पाठीचा लांबट तुकडा दिसायला सुबक असतो, पण त्यात चरबी फक्त वरून असते, आत नसते. ६५ ते ७० अंशांवर काढला तर उत्तम. पाहुणे उशिरा आले आणि तो ८० वर गेला की कोरडा ठाक. आणि पाहुणे उशिरा येणारच. खांद्याला हा धाक नाही. त्याच्या आत चरबी आणि चिवट तंतू असतात, ते ७० च्या पुढे हळूहळू विरघळायला लागतात आणि ८५ ते ९० ला मांस बोटाने सुटतं. दहा-पंधरा मिनिटं इकडेतिकडे झाली तरी फरक पडत नाही. मांडी घेऊ नका. दीड किलोच्या तुकड्यात ती ना पाठीसारखी मऊ होते ना खांद्यासारखी.

आता मुख्य मुद्दा. मांस आणि भाज्या ओटीजीत एकदम घालायच्या नाहीत. मोठ्या ओव्हनच्या कृती इथे फसतात त्या याच ठिकाणी. दीड किलोचा खांदा पूर्ण भाजला की चारशे ग्रॅमच्या आसपास वजन घटतं. त्यातली थोडी चरबी, बाकी पाणी. ते पाणी वाफ होऊन त्या छोट्या डब्यात कोंडतं. त्यात बटाटा ठेवला की तो भाजत नाही, वाफवतो. मांसाच्याच ट्रेमध्ये ठेवला तर सुटलेल्या रसात उकडतो, खालून पचपचीत आणि वरून करपलेला. शिवाय दोघांचं तापमान जुळत नाही: खांद्याला १६० लागतं, बटाट्याला २२०.

मांस बाहेर काढल्यावर अर्धा-पाऊण तास तसंही ठेवायचंच असतं. लगेच कापलं तर रस पाटावर वाहून जातो. तोच वेळ भाज्यांचा. आठचं जेवण धरून मागून मोजा:

४.०० ओव्हन १६० वर चालू. ४.२० मांस आत, जाळीवर, कातडी वर, खाली ट्रेमध्ये एक भांडं पाणी. ६.४५ ला पहिल्यांदा प्रोब लावून बघा. ८८ च्या आसपास असेल तर बाहेर, नसेल तर अजून पंधरा-वीस मिनिटं. ७.०५ ला मांस बाहेर, ओव्हन २२० वर, भाज्या आत. ७.४० ला भाज्या बाहेर. मग २३० वर मांस पुन्हा आत, आठ-दहा मिनिटं, फक्त कातडीसाठी. ७.५० ला बाहेर, पाच मिनिटं थांबून कापायला घ्या.

दिवा विझला म्हणजे ओव्हन तापला असं समजू नका. तेव्हा फक्त हवा तापलेली असते, भिंती आणि जाळी नाही. वीस मिनिटं द्याच.

कधीकधी मांस ७० च्या आसपास अडकून बसतं, काटा हलत नाही. ओव्हन बिघडलेला नसतो. पृष्ठभागावरून पाणी उडत असतं आणि ते मांसाला थंड ठेवतं, घाम आल्यावर अंग गार पडतं तसं. अशा वेळी तापमान वाढवू नका. बाजू फॉइलने घट्ट झाका, कातडी उघडी ठेवा, काटा पुढे सरकेल.

ठोसेघर

खरेदीचं थोडं. खाटकाकडून सकाळी कापलेलं मांस त्याच संध्याकाळी ओव्हनमध्ये घालू नका. कापल्यावर काही तासांत स्नायू ताठरतात आणि तसंच शिजवलं तर चिवट राहतं. शनिवारी सकाळी आणा, रविवारी दुपारपर्यंत फ्रिजमध्ये. बाहेरगावाहून गोठवलेलं मागवणार असाल तर शुक्रवारी रात्रीच फ्रिजरमधून खाली काढा. दीड किलो फ्रिजमध्ये सुटायला चोवीस तासांच्या वर लागतात. आत बर्फाची गाठ राहिली तर वरची सगळी वेळापत्रकं कोलमडतील.

कातडी बघून घ्या. पेंढ्यावर किंवा ज्योतीवर भाजून केस काढलेली असेल तर ती काळपट, आधीच अर्धवट शिजलेली असते. रस्श्यात चालते, पण नीट फुगत नाही. गरम पाणी ओतून खरवडलेली पांढरी कातडी मागा. तरी खुंट राहतात, ते कोरड्या कातडीवर साध्या रेझरने काढायचे. गॅसवर धरून जाळायचा मोह नको, तो वास कातडीत बसतो.

वासावरून आणखी एक. खच्ची न केलेल्या मोठ्या नराच्या चरबीला एक उग्र, मुतासारखा दर्प असतो. थंड मांसात कळत नाही, तापल्यावर घरभर होतो. मसाल्यात थोडाफार दबतो, साध्या मीठ-मिरीच्या रोस्टमध्ये अजिबात नाही. सुपारीएवढी चरबी घरी आणल्याबरोबर तव्यावर तापवून हुंगा. वास आला तर तो तुकडा सुक्या मसाल्याला ठेवा आणि रोस्टसाठी दुसरा आणा. खात्रीच हवी तर मादीचं मागायचं.

जंताबद्दल. कापताना मांसात साबुदाण्यासारखे पांढरट, पाणी भरलेले फुगे दिसले तर ते पट्टकृमीचे कोश. तसं मांस टाकून द्या, "जास्त शिजवू" हा त्यावर उपाय नाही. न दिसणाऱ्या एखाद-दुसऱ्यासाठी तापमान आहेच. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ मध्ये अख्ख्या तुकड्यासाठी ६३ अंश आणि वर तीन मिनिटं थांबणं पुरेसं धरलं, पण ते तिकडच्या बंदिस्त, तपासलेल्या डुकरांचं. आपल्याकडे उकिरड्यावर चरलेलं नाही याची खात्री नसेल तर मधोमध ७१ च्या खाली उतरू नका. खांदा घेतलात तर हा प्रश्नच उरत नाही, तो ८८ ला जातो.

लोक मेंदूतल्या गाठींना घाबरतात, त्या मात्र पोर्क खाऊन होत नाहीत. माणसाच्या विष्ठेतली याच पट्टकृमीची अंडी पाण्यातून, न धुतलेल्या कच्च्या भाजीतून, हातांवरून पोटात गेली तर होतात. म्हणजे त्या दिवशी पोर्कपेक्षा कोथिंबीर आणि कोशिंबिरीची काकडी जास्त जपून धुवा. कच्च्या मांसाची सुरी-पाट वेगळे, हे सांगायला नकोच.

कराडचा_पूल

कुकरच्या सल्ल्याला सगळे हसतील, पण तो अगदीच टाकाऊ नाही. वेळ कमी असेल, किंवा संध्याकाळी वीज जाण्याचा धोका असेल तर खांदा कुकरमध्ये एक वाटी पाणी आणि मीठ घालून एक शिट्टी, मग मंद आचेवर वीस मिनिटं, वाफ आपोआप जिरू द्यायची. मग ओव्हनमध्ये २२० वर पंचवीस मिनिटं. मांस मऊ होतं, ग्रेव्हीला आयतं पाणी मिळतं. काय जातं? भाजल्याची चव. तीन तासांत वरच्या थराला जो गडद, गोडसर खमंगपणा येतो तो पंचवीस मिनिटांत येत नाही. कातडी तर पाणी पिऊन बसते, ती सोलून वेगळी करावी लागते. म्हणून दुसरा पर्याय म्हणून ठेवा, पहिला नको. पाठीचा तुकडा मात्र कुकरमध्ये चुकूनही घालू नका, दोरखंड होतो.

आणि कच्ची पपई नको. बोकडाच्या मटणाला लावतात तशी रात्रभर लावली तर खांद्याचा बाहेरचा बोटभर थर पिठूळ होतो, आतलं तसंच राहतं. आलं वाटून लावायचं तर तेही दोन तासांपेक्षा जास्त नको, त्याचाही तोच गुण, थोडा सौम्य. साताऱ्याचं ताजं आलं चांगलंच झणझणीत असतं, बेताने.

कंदीपेढा

खांदा ठरला. आता पुढचं. उकळत्या पाण्यात प्रोब धरला तर ९७ आणि ९८ च्या मध्येच थांबतो, १०० दाखवतच नाही. बिघडलाय का? दुसरं, संध्याकाळी सात-आठला आमच्याकडे व्होल्टेज पडतं, पंखे हळू होतात, नेमकी तेव्हाच भाज्यांची वेळ आहे. तिसरं, त्या दोघांच्या भाज्यांना पोर्कची चरबी लागलेली चालणार नाही. आणि मीठ-मसाल्याचं नेमकं प्रमाण द्या, "चवीनुसार" नको.

हरिपूर_रोड (सांगली)

थर्मामीटर बरोबर आहे. सातारा शहर समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या वर आहे. साधारण तीनशे मीटरला एक अंश उकळबिंदू उतरतो, म्हणजे तुमच्याकडे पाणी साडेसत्त्याण्णवलाच उकळतं. आमच्याकडे सांगलीत अठ्ठ्याण्णव. महाबळेश्वरला साडेपंच्याण्णव धरा. तपासायचाच असेल तर पेलाभर चुरलेल्या बर्फात थोडं पाणी घालून ढवळा आणि त्यात धरा, तिथे शून्य आलं पाहिजे. बर्फाला उंचीचं काही पडलेलं नसतं. प्रोब मांसात घालताना टोक सगळ्यात जाड भागाच्या मधोमध ठेवा. चरबीच्या थरात गेलं तर आकडा फसवतो.

व्होल्टेजचा परिणाम वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. रॉडची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. २३० चे २०० झाले तर व्होल्टेज १३ टक्के पडलं, पण उष्णता जवळजवळ पाव भाग गेली. १६०० वॅटचा ओव्हन १२०० चा झाला. १६० अंश टिकवायला तेवढे पुरतात, रॉड जास्त वेळ पेटलेला राहतो इतकंच. २२० गाठताना मात्र दमछाक होते. उपाय: सगळं एक तास अलीकडे ओढा. तीनला सुरू करा, भाज्या पावणेसातच्या आत होतील आणि शेवटी मांस बाहेर काढल्यावर पाच मिनिटं गरम करून घ्या. किंवा भाज्यांचा ट्रे आणि तेल आधीच गॅसवर कडक तापवून मग आत सरकवा, म्हणजे ओव्हनवरचा भार कमी होतो.

ओव्हन १६ अँपिअरच्या पॉइंटलाच लावा. ७ अँपिअर तीन-चार तास सलग ओढणार आहे. सहाच्या पॉइंटवर किंवा बाजारू एक्स्टेन्शन बोर्डावर पिन तापून प्लास्टिक मऊ पडतं. तळाच्या रॉडवर किंवा खालच्या तुकडे पडायच्या पत्र्यावर फॉइल अंथरू नका, स्वच्छतेचा तो शहाणपणा रॉडला महागात पडतो. आणि डायलवरच्या आकड्यावर भिस्त नको. स्वस्त ओटीजीत १५-२० अंशांची तफावत नेहमीची. जाळीला अडकवायचं ओव्हन थर्मामीटर आत ठेवा आणि त्याचंच ऐका.

भडंग

प्रमाण घ्या. मीठ मांसाच्या वजनाच्या दीड टक्का, म्हणजे दीड किलोला २२ ग्रॅम, बारीक मिठाचे चार सपाट चमचे. त्यातलं पाऊण मांसाच्या बाजूंना, पाव कातडीला. बडीशेप दोन चमचे, मिरे एक चमचा, ओवा अर्धा चमचा, जाडसर कुटून फक्त मांसाला. कातडीवर मसाला करपतो. ओवा बघून दचकू नका. परदेशी कृतींत जे थाइम असतं त्याचा मुख्य वास थायमॉलचा, आणि ओव्यातही तोच आहे. थाइमच्या महागड्या डबीपेक्षा हा ताजा असतो. मात्र तिखट असतो, अर्ध्या चमच्याच्या वर गेलात तर पोटदुखीच्या काढ्याची आठवण होईल. लसणाच्या सहा पाकळ्या ठेचून मांसाच्या खालच्या बाजूला दाबा, वर ठेवल्या तर जळून कडू होतात.

कातडीला नवं कटरचं पातं वापरून बोटाबोटावर चिरा पाडा. चीर कातडीतून चरबीपर्यंतच जायला हवी, मांसाला लागायला नको. मांसाला लागली की रस वर येतो आणि त्या जागेची कातडी शेवटपर्यंत रबरासारखी राहते. खोलगट रेषा दिसली आणि खाली पांढरं दिसलं की थांबा, लाल दिसलं म्हणजे जास्त झालं. मीठ चोळून ताटलीत, कातडी वर आणि उघडी, फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात रात्रभर. बाजू झाकल्या तर चालतील. सकाळी कातडीवर पाणी साठलेलं दिसेल, ते फडक्याने कोरडं टिपा. हात लावल्यावर ती कागदासारखी लागली पाहिजे, चिकट नाही. ओव्हनमध्ये घालताना तेलाचं बोट फिरवा.

आधी मंद आणि शेवटी कडक आच का? कातडी म्हणजे चिवट तंतूंचं जाळं. तीन तासांत ते मऊ पडतं आणि बरंचसं वाळतं. उरलेलं पाणी २३० ला एकदम वाफ होतं आणि मऊ पडलेलं जाळं पापडासारखं फुलतं. सुरुवातीलाच कडक आच दिली तर तंतू मऊ पडायच्या आत वरचा थर टणक होतो. या शेवटच्या टप्प्यात खालच्या ट्रेमध्ये पाणी ठेवायचं नाही, रस आधीच ओतून घ्यायचा. कातडी आणि वरचा रॉड यांत चार बोटं अंतर हवंच. उंच तुकडा असेल तर जाळी एक खाच खाली. आठ मिनिटं दारासमोरून हलू नका. फुगायला लागली की करपायला दोन मिनिटं पुरतात. एका बाजूने फुगली आणि दुसरी तशीच राहिली तर ट्रे फिरवा, फुगलेल्या भागावर फॉइलचा तुकडा ठेवा.

मांस बाहेर ठेवलेल्या अर्ध्या तासात कातडी झाकू नका. झाकली की सगळी मेहनत घामात गेली.

वेलणकर_गल्ली

भाज्यांकडे कोणी वळलंच नाही, आणि ताटात निम्मी जागा त्यांचीच.

३५ लिटरच्या ट्रेमध्ये एका थरात साधारण एक किलो भाजी मावते, त्याहून जास्त नाही. बटाटे ६००, गाजर २५०, कांदे दोन. एकावर एक रचल्या तर पुन्हा वाफेचाच खेळ. बटाटे जुने, कोरड्या सालीचे घ्या. नवे पाणथळ असतात, कडा सुटत नाहीत. शीतगृहातून नुकतेच आलेले नकोत, थंडीत त्यांत साखर तयार होते, मग वरून काळे आणि आतून कच्चे, शिवाय गोड. लिंबाएवढे तुकडे, मीठ आणि पाव चमचा खायचा सोडा घातलेल्या उकळत्या पाण्यात आठ-नऊ मिनिटं. सोड्याने वरचा थर विरघळून पिठूळ होतो, तोच पुढे कुरकुरतो. चाळणीत निथळून पाच मिनिटं वाफ जाऊ द्या, मग झाकण ठेवून पातेलं दोन-तीनदा झटका. कडा खरबरीत दिसल्या पाहिजेत.

ट्रेमध्ये तीन-चार चमचे तेल आधी तापवून त्यात बटाटे सोडा, चर्रर्र आवाज आला पाहिजे. गाजरं बोटाएवढी, पहिल्यापासून सोबत. कांद्याचं मुळाकडचं टोक न काढता चार फोडी, म्हणजे पाकळ्या सुटत नाहीत. दहा मिनिटांनी घाला. वीस मिनिटांनी एकदाच उलटा. सतत ढवळलं तर खरपूस थर ट्रेलाच चिकटून राहतो. लाल भोपळा किंवा रताळं घालायचं असेल तर शेवटच्या वीस मिनिटांत, साखर जास्त असल्याने लवकर जळतं. घेवड्याच्या शेंगा शेवटच्या आठ मिनिटांत.

त्या दोघांसाठी: सगळ्या भाज्या तेलातच करा, चरबी कुणालाच नको. मांस त्या वेळी बाहेरच असतं, वरून काही ठिबकत नाही. मात्र मांसाखालचा ट्रे भाजीला वापरायचा नाही, दुसरा घ्या. त्याच ओव्हनमध्ये पोर्क भाजल्याचंच वावडं असेल तर ओढाताण नको. तेच उकडलेले बटाटे बिडाच्या तव्यावर झाकण न ठेवता पंधरा मिनिटं, अगदी तोडीस तोड होतात. हे आधी विचारून घ्या, ताटं वाढल्यावर नाही.

कंदीपेढा

विचारलं. तेलातलं आणि वेगळ्या ट्रेमधलं चालेल म्हणाले. आता फक्त ग्रेव्ही राहिली. आणि सोबत सफरचंदाचा सॉस लागतोच का?

हरिपूर_रोड

लागत नाही, पण आंबटगोड काहीतरी हवंच, चरबी कापायला. तासगावचे बेदाणे घ्या, मूठभर, अर्धी वाटी गरम पाणी आणि एक चमचा व्हिनेगरमध्ये अर्धा तास भिजवा. फुगले की पाण्यासकट ग्रेव्हीत.

ग्रेव्ही: मांसाखालच्या ट्रेमधला रस स्टीलच्या उंच पेल्यात ओता. पाच मिनिटांत चरबी वर येते, ती चमच्याने वेगळी करा. त्यातली दोन मोठे चमचे कढईत, त्यावर दोन मोठे चमचे मैदा, मंद आचेवर बिस्किटासारखा रंग येईपर्यंत. मग खालचा रस आणि गरम पाणी मिळून दोन मोठे कप, म्हणजे ४०० मिली, थोडं थोडं घालत ढवळायचं. पाच-सहा मिनिटं उकळलं की मैद्याचा कच्चट वास जातो. मीठ शेवटी चाखून, कारण रस आधीच खारट असतो. ट्रेला चिकटलेलं तपकिरी खरवडून घ्या, चव तिथेच आहे. काळं झालेलं असेल तर घेऊ नका, सगळी कढई कडू होईल. तळाचं पाणी आटू न देण्याचं कारण हेच, तासातासाने बघून अर्धा पेला गरम पाणी घालत राहा.

ही ग्रेव्ही चरबीची आहे, त्या दोघांना वाढू नका. त्यांच्यासाठी भाज्यांवर लिंबू आणि मिरपूड पुरे.

ठोसेघर

उरलं तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, तीन दिवसांत संपवायचं. कातडी वेगळ्या डब्यात, मांसासोबत ठेवली की मऊ पडते. मांस थंडच असताना पातळ कापायचं, गरम असताना त्याचा भुगा होतो. वेगळी केलेली उरलेली चरबी गाळून बरणीत भरा, फ्रिजमध्ये महिनाभर टिकते. बरणीवर नाव मात्र लिहा, तूप समजून कुणीतरी वरणावर घेईल.